सात पार आणि कडूकंद

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की ती पहिल्यांदा जिथे सांगितली गेली ती गावंही आता उरली नाहीत. मुलांनो, पुढे येऊन बसा. मोठ्यांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल, पण कान इकडे असू द्या. गोष्ट तुमचीच आहे.

एका डोंगराच्या अंगाखांद्यावर सात वाड्या होत्या. त्यांना राजा नव्हता, पाटील नव्हता, चावडी नव्हती. प्रत्येक वाडीला आपला पार होता आणि पारावर आपलं झाड. कुठे वड, कुठे चिंच, कुठे आंबा. संध्याकाळी माणसं पारावर जमायची, बोलायची, भांडायची. एका पारावरचं बोलणं येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून दुसऱ्या पारावर पोचायचं. कुणाला काही अडलं, तर घरात विचारायचं नाही, प्रश्न पारावर न्यायचा, अशी तिथली रीत होती. सातांपैकी एकाही पारावर कुणाचा हुकूम चालत नसे, आणि याचा वाडीकरांना फार अभिमान होता.

"आमचा पार सगळ्यांना खुला," असं ते वाटसरूंना थांबवून सांगत. वाटसरू ऐकून पुढे निघून जात, म्हणून ते बोलणं खरं वाटत असे.

एका वर्षी खालच्या खोऱ्यात नदीने पात्र बदललं आणि एक आख्खं गाव गिळलं. वाचलेली अकरा घरं डोंगर चढून आली. ओढ्यापलीकडच्या माळावर त्यांनी झोपड्या घातल्या. त्यांत राही नावाची एक बाई होती. तिचा नवरा नदीने नेला होता. तिच्याजवळ उरले होते म्हातारे सासरे. त्यांना ती मामंजी म्हणे.

अकरा घरांत मिळून पंधरा दिवसांचं खाणं होतं आणि बियाण्याची नाचणी होती. पेरणीला दोन महिने होते. बियाणं खाल्लं तर पुढचं वर्ष बुडणार, न खाल्लं तर पोरं उपाशी मरणार. रानात मात्र कडूकंदाचे वेल जागोजाग वाळत पडले होते. खणलं की माणसाच्या डोक्याएवढा कंद हाती येई. मामंजींना एवढंच ठाऊक होतं, की डोंगरातली माणसं अडीअडचणीला तो कंद खातात, पण आधी त्याचं विष काढतात. न काढता खाल्ला तर घसा सुजतो आणि माणूस जातो. विष कसं काढायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"त्यात काय एवढं, सूनबाई," मामंजी म्हणाले. "सात वाड्या आहेत. विचारून ये."

राही पहिल्या वाडीच्या पाराशी गेली. तिथे सगळ्यांत वयस्कर असे एक गृहस्थ बसत. त्यांना सगळे थोरले म्हणत.

"कुठली गं तू?" थोरल्यांनी विचारलं.

"ओढ्यापलीकडची. नवी वस्ती आमची."

"हां, नदीवाले. बोल."

"कडूकंदाचं विष कसं काढायचं, तेवढं सांगाल का?"

पारावर हशा पिकला. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. "आली बघा! म्हटलं नव्हतं, येणार म्हणून?"

थोरल्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. हसू त्यांच्याही ओठांवर होतंच. "बाई, हे विचारून झालंय."

"मग काय ठरलं?"

"दर नव्या माणसाला तेच तेच सांगत बसायला आम्ही काय पोपट आहोत? दुसऱ्या पारावर झालंय ते बोलणं. तिकडे जा."

राही दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पारावर गेली. तिथली माणसं म्हणाली, "नव्या माणसाने आधी महिनाभर येऊन नुसतं ऐकायचं. मग तोंड उघडायचं."

"महिनाभर पोरं काय खातील?"

"अरे, हिचा सूर बघा! आल्या आल्या!"

तिसऱ्या पारावर तिला कळलं, की चिंचेखाली फक्त पाऊसपाण्याचं बोलतात, खाण्यापिण्याचं चौथ्या वाडीत. चौथ्या वाडीत दोन माणसांची यावरून जुंपली, की तिसऱ्या वाडीने असं परस्पर माणूस पाठवावंच का. दिवे लागेपर्यंत ती भांडली. राही तिथेच उभी होती. तिच्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही. पाचव्या पारावर एक हजरजबाबी गडी म्हणाला, "भाजायचा, वर तूप सोडायचं आणि खायचा, वहिनी. थेट स्वर्ग दिसेल!" पार खदखदला. त्याला थांबवणारं एकही माणूस तिथे नव्हतं.

नीट ऐका. त्या हसणाऱ्यांत दुष्ट माणसं फार नव्हती. त्यांतले कितीतरी घरी जाऊन गाईच्या जखमेला हळद लावत असतील, लेकरांना मांडीवर घेऊन निजवत असतील. चीड येते ती त्याचीच. सात वाड्यांतल्या भल्या माणसांना एका भुकेल्या बाईला हसताना काहीच खुपलं नाही.

इकडे मामंजी स्वस्थ बसले नव्हते. राही रोज पारावर जाई, आणि मामंजी रोज एक कंद नव्या तऱ्हेने शिजवत. एक दिवस निखाऱ्यात भाजला. एक दिवस चिंचेच्या पाण्यात उकडला. एक दिवस चुलीतली राख घालून रटरटवला. संध्याकाळी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवत आणि वाट बघत.

"नका हो, मामंजी," राही म्हणे. "उद्या कुणीतरी सांगेल मला."

"सांगेल, सांगेल. तोवर म्हाताऱ्याचा घसा कामाला येऊ दे. याने आता कुठली गाणी म्हणायचीत?"

चौथ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. पाचव्या दिवशी पाणी गिळवेना. सातव्या दिवशी राही सातव्या पारावरून आली, तेव्हा मामंजी दारातच आडवे होते. घसा सुजून हनुवटीला लागला होता. त्यांनी हात उचलून ओढ्याकडे दाखवलं. वाहत्या पाण्यात त्यांनी एक टोपली बांधून ठेवली होती. तिच्यात राखेत उकडलेल्या कंदाच्या पातळ चकत्या होत्या. हात खाली पडला. सकाळी ते उठले नाहीत.

चिता पेटवून झाल्यावर राही घरी गेली नाही. तशीच पहिल्या वाडीच्या पारावर गेली. थोरले बसलेलेच होते.

"मी सात पार फिरले," ती म्हणाली. "सातव्याने मला परत तुमच्याकडे पाठवलंय. ते म्हणाले, थोरल्यांना सगळं ठाऊक आहे. आता सांगा."

"तुला सांगितलं होतं ना बाई, हे विचारून झालंय."

"उत्तर काय होतं?"

"मला लख्ख आठवतंय," थोरले म्हणाले. "दुपारची वेळ होती. आम्ही आठ-नऊजण बसलो होतो. कुणीतरी नवी नवरी होती, तोंडावर पदर आणि डोक्यावर लाकडांची मोळी. तिने विचारलं. असे हसलो, असे हसलो, की मोळी हलायला लागली तिची. त्याच्या आधीही एकीने विचारलं होतं. तेव्हा माझे वडील होते पारावर. तेही हसले होते."

"आणि उत्तर?"

थोरले सांगायला गेले. त्यांना प्रश्न आठवत होता, मोळी आठवत होती, हसू आठवत होतं. त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने झाडाकडे पाहिलं.

"तुम्हाला येत नाही!" राहीचा आवाज चढला. "सात पारांवर एकालाही येत नाही! 'ठाऊक नाही' एवढं पहिल्या दिवशी म्हणाला असतात, तर मी दारोदार फिरले नसते. घरी बसून मामंजींचा हात धरला असता. दोन डोकी लावून शोधलं असतं. तुम्ही मला उत्तर दिलं नाहीत आणि तुमच्यापाशी ते नाही हेही कळू दिलं नाहीत. तुमच्या ऐटीने माझं माणूस खाल्लं."

"पारावर आवाज चढवू नये," कुणीतरी म्हणालं.

एवढंच. राही पार उतरून चालू लागली.

तिसऱ्या दिवशी राहीने ओढ्यातली टोपली वर काढली. एक चकती जिभेवर ठेवली. कडू नव्हती. दुपारपर्यंत थांबून अर्धी खाल्ली, संध्याकाळी सबंध. घसा मोकळा राहिला. म्हणजे पातळ चिरायचं, राख घालून उकडायचं आणि तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवायचं. अकरा घरं जगली. बियाणं मातीत गेलं.

पुढच्या वर्षी डोंगरावर पाऊस पडलाच नाही. माळावरच्यांची पेरणी करपली, पण त्यांच्यापाशी कंद होता. सात वाड्यांच्या कणग्या मात्र होळीच्या आत रिकाम्या झाल्या, आणि पोरांच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या.

मग वाडीकर ओढ्यावर येऊ लागले. यायचे, टोपल्यांकडे बघत उभे राहायचे, आणि म्हणायचे, "यंदा ओढा फार आटला, नाही?" मग परत जायचे. विचारत कुणी नव्हतं. विचारणाऱ्याला हसायचं असतं, हे ते इतकी वर्षं शिकत आणि शिकवत आले होते. आता पोटात आग असताना त्यांच्याच जिभा उचलत नव्हत्या.

"सांगून टाक, राही," वस्तीतली माणसं म्हणायची.

"मी सात पार चढले," राही म्हणायची. "त्यांनी एक ओढा उतरावा आणि एकदा विचारावं."

राहीला देवी समजू नका. ती संतापलेली होती, आणि तिचा संताप खरा होता.

एका सकाळी कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई ओढ्यावर आली. बराच वेळ पाण्यात पाय घालून उभी राहिली. मग खालमानेने म्हणाली, "विचारू का?"

"विचार की."

"हसशील."

राही टोपली टाकून उठली. "कोण गं तू?"

"येसू. थोरल्यांची नातसून. लग्न होऊन आले, त्या वर्षीच मी पारावर विचारलं होतं. डोक्यावर मोळी होती. इतके हसले, की त्यानंतर मी घरात मीठ कुठे ठेवतात तेही विचारलं नाही. सासूबाईंचंही तसंच झालेलं. ज्यांना येत होतं त्या म्हाताऱ्या केव्हाच मेल्या. आमच्यात प्रत्येक सून बाहेरूनच येते ना, म्हणजे प्रत्येकजण नवीच. पुन्हा कुणी विचारलंच नाही, मग कुणी सांगणार तरी कुणाला?"

राहीला इतके दिवस वाटत होतं, परकी अशी आपण एकटीच आहोत. ती गुडघाभर पाण्यात उतरली, एक चकती काढून तिने येसूच्या तळहातावर ठेवली आणि येसूने प्रश्न विचारण्याच्या आधीच सगळं सांगितलं. राख किती, पाणी किती, दिवस किती. मग तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.

येसू धावत घरी गेली. सातही वाड्यांतल्या सुना दुसऱ्याच दिवशी ओढ्यावर टोपल्या घेऊन उतरल्या.

फक्त थोरल्यांनी ऐकून घेतलं नाही. "कालची आलेली पोर मला शिकवणार?" ते येसूला म्हणाले. "मी डोंगरावरून सगळं पाहिलंय. चिरतात, राख घालतात, उकडतात. त्यात विचारण्यासारखं आहेच काय?"

"आजोबा, त्यानंतर तीन दिवस पाण्यात..."

"पुरे!"

डोंगरावरून चुली दिसत होत्या. करंजांच्या सावलीतला ओढा दिसत नव्हता. थोरल्यांनी आपल्या हाताने कंद उकडला आणि वाडगाभर खाल्ला. तिसऱ्या दिवशी सात वाड्यांची माणसं त्यांच्या दाराशी जमली ती त्यांना उचलायला.

राहीही आली. लोकांना वाटलं, आता हिचं समाधान झालं असेल. ती पारावर चढली.

"माझ्या मामंजींना सांगणारं कुणी नव्हतं," ती ओरडली. "यांच्या घरात उत्तर होतं! चुलीपाशी बसलेलं होतं, याच घरची भाकरी थापत होतं! विचारायचं तेवढं बाकी होतं. नव्याला प्रश्न विचारायची इतकी लाज वाटायला लावलीत, की तुमचा सगळ्यांत जाणता माणूस त्या लाजेने मेला. आता मला सांगा, हसायचं कुणाला?"

येसू तेवढी पुढे आली आणि राहीच्या शेजारी उभी राहिली.

त्यानंतर पाच वाड्यांनी नवी रीत घातली. नवा माणूस पारावर आला, की पहिलं बोलणं त्याचं. तो जे विचारील, त्याला तिथल्या सगळ्यांत जुन्या माणसाने उभं राहून उत्तर द्यायचं, ते शंभरदा देऊन झालेलं असलं तरी. उत्तर येत नसेल, तर येत नाही म्हणायचं आणि त्याच्याबरोबर शोधायला निघायचं. त्या पाच वाड्या वाढल्या, माळापर्यंत पसरल्या. दोन वाड्यांना हे कमीपणाचं वाटलं. त्यांच्या वाटेला नवी माणसं जाईनाशी झाली, त्यांच्या घरांत कुणी मुली देईना. वीस वर्षांत तिथल्या पारांवर बोलायलाही कुणी राहिलं नाही.

राहीने कडूकंदाचं उत्तर मरेपर्यंत येईल त्याला दिलं. माफी मात्र तिने त्या पारांना कधी दिली नाही, आणि कुणाची मागायची छातीही झाली नाही.

बोध: नव्याच्या प्रश्नाला जिथे हसतात, तिथली उत्तरं आधी मरतात आणि माणसं मागून.