तळ बुजवलेली कुंडी

खूप खूप जुन्या काळी एक मुलगी दूरदेशी विद्या शिकून आपल्या कोरड्या, डोंगराळ गावी परतली. वाटभर तिला वाटत होतं, आपली कोरफड आता वाळून गेली असेल. पण ओसरीवर पाहते तर कुंडी पाण्यानं काठोकाठ भरलेली, आणि कोरफड पिवळी, मऊ, कुजत चाललेली.

त्या गावची रीत अशी होती, की दूर जाणाऱ्यानं आपल्या नावाची कोरफड कुंडीत लावून जायची. झाड गेलं, तर ते माणूस घरी टिकत नाही, असं सगळे मानायचे.

"पाणी घालायचं विसरलीस का गं?" मुलीनं आईला थट्टेनं विचारलं.

"विसरते कशी? तुझ्या वाटणीचं सगळं पाणी हिलाच घातलं," आई म्हणाली. "सकाळी, संध्याकाळी. पिवळी पडायला लागली, तेव्हापासून दुपारीसुद्धा." मग ती हळूच म्हणाली, "तू परत जाणार नाहीस ना?"

तेवढ्यात मुलीचं लक्ष कुंपणाकडे गेलं. तिथं फुटक्या खापरात दुसरी कोरफड वाढली होती. चांगली हिरवीगार, दांडगी. शेजारी एक सरडा ऊन खात बसला होता.

"हिला पाणी कोण घालतं?" मुलीनं विचारलं.

"पाऊस," सरडा म्हणाला. "तो नसेल तेव्हा ही पानांत साठवलेलं पुरवून पुरवून पिते. अधूनमधून कोरडं राहिल्याशिवाय तिला बरंच वाटत नाही."

"पण खापरातलं जास्तीचं पाणी जातं कुठे?"

"मी पडलो कुंपणावर बसणारा. खालचं तूच बघ की."

मुलीनं खापर उचललं. त्याला मोठी चीर होती. मग तिनं घरची कुंडी उपडी केली. तळाचं भोक मेणानं घट्ट बुजवलेलं होतं.

"थेंबसुद्धा वाया जाऊ नये म्हणून," आई म्हणाली. "आपल्याकडे सगळेच बुजवतात."

कोरफडीची मुळं काळी पडली होती. मात्र बुडाशी फुटलेलं एक पिल्लू-रोप अजून टणक होतं. मुलीनं ते अलगद सोडवलं. आई लगबगीनं तांब्या घेऊन आली.

"थांब, आई. आधी याची तुटल्या जागची जखम वाळू दे. मग वाळूमिश्रित मातीत लावू. आणि माती आतपर्यंत कोरडी झाली, की मगच पाणी."

"एवढंच? मग मी दिवसभर करू काय?" आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्या रात्री मुलीला आपला बेत आठवला. उजाडताच गावाला चावडीवर बोलवायचं, आणि शिकून आणलेलं सगळं दिवस मावळेपर्यंत सांगायचं. गावाचं भलं करायची तिला फार घाई होती. उशाशी ते पिल्लू वाळत पडलं होतं. त्याच्याकडे पाहता पाहता तिला तांब्या घेऊन लगबगीनं आलेली आई आठवली.

सकाळी तिनं कुंडीच्या तळाचं मेण खरवडून काढलं. "मी इथंच राहणार," तिनं आईला सांगितलं. मग गावाला चावडीवर बोलावून ती जमलेल्या लोकांमध्ये खाली बसली आणि म्हणाली, "आज मी काही सांगणार नाही. तुम्हाला काय हवंय, ते ऐकायला आलेय."

मग एक म्हातारी खाकरून बोलू लागली, आणि तिच्यामागून सगळं गाव बोलू लागलं.

तात्पर्य: माया कितीही असो, ओतण्याआधी समोरच्याची तहान विचारावी.