टिकलीचे ओले पाय

परसात एक डालगं होतं. डालग्यात टिकली राहायची. टिकली म्हणजे कोंबडीचं पिल्लू, पिवळं पिवळं, लिंबाएवढं.

एकदा पाऊस पडला धो धो. नदी फुगली. डालग्यात पाणी शिरलं, बुळुक बुळुक. गेली की टिकलीची कोरडी जागा.

टिकली घरात आली, तुरुतुरु. दाराशी खुंटीवर पुराची पिशवी होती. पिशवीत चणे, गूळ, औषधं, शिट्टी. पूर आला की पिशवी घ्यायची, टेकडीवरच्या शाळेत जायचं.

"पिशवीबाई, टेकडीवर चल ना. मला कोरडी जागा मिळेना."

पिशवी म्हणाली, "वर अंधार असतो गं. बॅटरी पेटेना, मी हलेना."

टिकली बॅटरीकडे गेली, तुरुतुरु.

"बॅटरीताई, पेट ना. पिशवी हलेना. मला कोरडी जागा मिळेना."

बॅटरी म्हणाली, "माझे सेल रिमोटने नेले. रिमोट देईना, मी पेटेना."

टिकली रिमोटकडे गेली, तुरुतुरु.

"रिमोटदादा, सेल दे ना. बॅटरी पेटेना. पिशवी हलेना. मला कोरडी जागा मिळेना."

रिमोट म्हणाला, "मी बाबांच्या मुठीत. बाबा उठेनात, मी देईना."

बाबा घोरत होते, घुर्र घुर्र.

"बाबा, बाबा, उठा ना. रिमोट देईना. बॅटरी पेटेना. पिशवी हलेना. मला कोरडी जागा मिळेना."

बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "आई हाक मारेना, मी उठेना."

आई पुढच्या दारात उभी होती. डोळे नदीकडे.

"आई, आई, हाक मार ना. बाबा उठेनात. रिमोट देईना. बॅटरी पेटेना. पिशवी हलेना. मला कोरडी जागा मिळेना."

आई म्हणाली, "पायरीवर गेरूची खूण आहे ना? पाणी खुणेला लागेना, मी हाक मारेना."

टिकली हिरमुसली. आता कुणाकडे जायचं? ती आईच्या पायाशी बसून राहिली.

आईने खाली पाहिलं. घरभर इवली इवली ओली पावलं. पार मागच्या दारापासून.

"अगं, पाणी पुढे नाही, मग तुझे पाय ओले कसे?"

आई परसात धावली. बघते तर काय, डालगं पाण्यात डुलतंय, डुबुक डुबुक. आई राहिली पुढे बघत, आणि पाणी आलं मागून.

"अहो, उठा, निघायचंय."

आईने हाक मारली. बाबा उठले, धडपड धडपड. रिमोटने सेल दिले, टक टक. बॅटरी पेटली, लख्ख. पिशवी हलली, निघाली.

आणि टिकली? आईने पदराने तिचे पाय पुसले. पिशवीत चण्यांवर बसवलं. गेले सगळे टेकडीवर, पाणी घरात यायच्या आधी.

शाळेत टीव्ही नव्हता. बाबांच्या हातात रिमोट मात्र होता. आई खूप हसली.

पूर ओसरला. सगळे घरी आले. आता गेरूच्या खुणा दोन आहेत. एक पुढे पायरीवर. एक मागे, टिकलीच्या डालग्यापाशी.

पाणी खाली, टिकली वर,
डोकं टेका उशीवर.