बसल्या जागचे ठोके

"मग आता तरी पौर्णिमेचा ध्यानवर्ग माझ्याकडे द्याल ना, भंतेजी?"

एवढं विचारून हेमराज वासनिकनं मनगट पुढे केलं.

वैनगंगेच्या काठावरच्या त्या लहानशा विहाराच्या ओसरीत भंते धम्मसार उन्हाला बसून फाटलेलं चीवर शिवत होते. त्यांनी सुई थांबवली आणि मनगटाकडे पाहिलं.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून हेमराज रोज सकाळी इथं ध्यानाला यायचा. मध्यंतरी त्याच्या छातीतले ठोके चुकायला लागले, तेव्हा पुण्याच्या मुलानं हे घड्याळ पाठवलं. हृदयाचं काही बिनसलं की ते मनगटावर थरथरायचं. पुढे औषध लागू पडलं, ठोके ताळ्यावर आले आणि घड्याळाला काम उरलं नाही. मग हेमराजनं त्याला दुसऱ्या कामाला लावलं.

"हे बघा. ध्यानात ठोके किती खाली आलेत. आणि रेघ बघा, कशी सपाट..."

"सपाट?" भंतेंनी जरा काळजीनं विचारलं.

"म्हणजे एकसारखी, भंतेजी. सगळे उंचवटे सारखे. मन शांत झाल्याचा हा पुरावाच आहे."

"असं होय..."

भंतेंनी चीवर बाजूला ठेवलं आणि आपला सुरकुतलेला हात पुढे केला.

"मला लावून दे बरं."

हेमराजला मनातून बरं वाटलं. गुरूची रेघ कशी असते, हे त्यालाही पाहायचंच होतं. त्यानं पट्टा बांधला, भंतेंचं बोट घड्याळाच्या कडेवर टेकवलं आणि म्हणाला, "अर्धं मिनिट हलायचं नाही."

भंते हलले नाहीत. तसेही ते फारसे हलत नसत.

घड्याळ थरथरलं.

हेमराजनं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "भंतेजी... हे म्हणतं, ठोके अनियमित आहेत. डॉक्टरांना दाखवा."

"बरोबर सांगतं."

"म्हणजे?"

"पाच-सहा वर्षं झाली. डॉक्टरबाईंनी गोळी दिली आहे." भंतेंनी आठवून पाहिलं. "आजची राहिलीच की."

"पण एवढं आयुष्य ध्यानात गेलं, भंतेजी. तरीही ठोके..."

"ध्यानाला मी बसत होतो. हृदयाला कुठं बसू दिलं?"

भंतेंनी घड्याळ काढून हेमराजच्या हातात दिलं आणि भिंतीला धरून गोळी घ्यायला आत गेले.

हेमराजनं घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं. ओसरीत आता तो एकटाच होता.

आधी त्याला खरोखर वाईट वाटलं. मग, का कोण जाणे, थोडं बरं वाटलं. गुरूचे ठोके वाकडे आणि आपले सरळ...

भंतेंना आता आराम करावा लागणार. दवाखान्यातही ठेवतील. आणि वयही झालंच आहे. हेमराजनं काही वाईट चिंतलं नाही, पण डोळ्यांसमोर शोकसभा भरली. विहार समितीचे सचिव बोलायला उठले. हे सचिव एरवी त्याला नावानं ओळखत नसत, पण आज भरल्या गळ्यानं म्हणाले, "आता हेमराजजींशिवाय आहे कोण?" हेमराजनं हात जोडून नकार दिला. लोकांनी आग्रह केला. त्यानं पुन्हा नकार दिला. बाया रडायला लागल्या, तेव्हा मात्र त्याचा नाइलाज झाला. प्लास्टिकच्या खुर्च्या काढून सतरंज्या आणायच्या, हे त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. डोक्यावरचे केस जातील, त्यालाही तो तयार झाला. बायकोला कसं सांगायचं, एवढंच काय ते राहिलं होतं.

"हेमराज."

भंते गोळी गिळून बाहेर आले होते. ओसरीच्या कोपऱ्यातल्या माठाशी उभे होते.

"आता तुझं बघ बरं. ती सपाट रेघ."

"एकसारखी, भंतेजी," हेमराज म्हणाला आणि त्यानं मोठ्या विश्वासानं हात उचलला.

तेवढ्यात घड्याळ थरथरलं.

हेमराजनं ते झटकन पालथ्या हाताखाली झाकलं.

"काय म्हणतं?"

"काही नाही. ते उगीच कधीकधी..."

"माझ्याजवळ चष्मा नाही. वाचून दाखव."

हेमराज गप्प राहिला. भंतेही गप्प राहिले. गप्प राहण्यात त्यांच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे.

शेवटी हेमराजनं खाली मान घालून वाचलं, "'ठोके फार वाढले आहेत. तुम्ही मात्र बसलेलेच दिसता.'"

"बसलाच होतास ना?"

"इथंच होतो, भंतेजी. जागचा हललो नाही."

"हं..."

भंतेंनी माठातून गडवाभर पाणी काढलं, सावकाश त्याच्यापाशी आले आणि गडवा त्याच्या हातात दिला.

"पी. लांबून आलास."