सायाळीवर आलेला आळ

जंगल जिथे संपते आणि उघडा माळ सुरू होतो, तिथे एका ओढ्याच्या काठावर एक ससा आणि त्याची सशीण राहत असत. त्या काठावर आणखीही काही बिऱ्हाडे होती. जांभळाच्या झाडावर खार होती, बांधातल्या बिळात म्हातारा मुंगूस होता आणि सशाच्या अगदी शेजारी एक वयस्क सायाळ होती. मुलांनो, सायाळ तुम्ही चित्रात पाहिली असेल. पाठीवरच्या लांब काळ्यापांढऱ्या काट्यांमुळे ती रागीट दिसते. ही सायाळ मात्र कुणाच्या अध्यातमध्यात नसे. मागचा एक पाय अधू असल्याने ती हळू चाले, दिवसा झोपे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडे.

थंडी ओसरली की सगळेजण आपापल्या परसात बागा लावत. पुढे वैशाखात माळावरचे गवत करपून जाई, तेव्हा या बागांवरच त्यांचे पोट चाले. सशाची बाग सर्वांत देखणी असे. भेंडी, गवार आणि काकडीचे सरळ वाफे, आणि सभोवती झेंडूची रांग. या वर्षी सशिणीला पिल्ले व्हायची होती, म्हणून सशाने दोन वाफे जास्तीचे केले. त्यांना खत हवे होते. गव्यांच्या पाणवठ्याजवळ शेणाचा एक ढीग पडलेला होता, तो त्याने टोपल्या भरभरून आणला.

सशिणीने तो हुंगून पाहिला. "हे अजून अर्धंच कुजलंय," ती म्हणाली. "चार दिवस उन्हात पसरून ठेव, मग चाळून घाल."

"चार दिवस थांबलो तर पेरणी मागे पडेल," ससा म्हणाला, आणि त्याच दुपारी त्याने ते मातीत मिसळून टाकले.

बी छान उगवले. रोपे चार-चार पानांवर आली, काकडीचे वेल काटक्यांवर चढू लागले, झेंडूला बारीक कळ्या दिसू लागल्या. ससा रोज सकाळी पळसाच्या द्रोणाने ओढ्याचे पाणी आणून एकेका आळ्यात घाली. आणि एके दिवशी त्याला भेंडीची दोन रोपे माना टाकून उभी असलेली दिसली. त्याने जास्त पाणी घातले. दुसऱ्या दिवशी ती वाळली आणि आणखी चार मलूल झाली. आठवडा संपता संपता भेंडीचा एक अख्खा वाफा गेला आणि गवार पिवळी पडू लागली.

सशाची झोप उडाली. सशिणीचे दिवस भरत आले होते. ऊन रोज चढत होते आणि पुन्हा पेरायला बी उरले नव्हते.

"कुणीतरी मुद्दाम करतंय," तो खारीला म्हणाला.

खारीला काहीही दिसले की बोलून टाकल्याशिवाय राहवत नसे. ती म्हणाली, "तुमच्या वाफ्याच्या कडेला मला काल एक काटा सापडला. काळापांढरा. तुम्हीच समजून घ्या."

सशाला तेवढे पुरले. सायाळ मुळे खाते हे सगळ्यांना माहीत होते. ती अंधार पडताना बाहेर जाते हेही माहीत होते. ससा तडक मुंगसाकडे गेला. मुंगूस त्या काठावरचा वडीलधारा. त्याला भांडण लवकर मिटवायची सवय होती, कारण भांडण लांबले की त्याला त्रास होई. त्याने त्याच दुपारी सगळ्यांना जांभळाखाली बोलावले.

सायाळ झोपेतून उठून लंगडत आली. मुंगसाने काटा तिच्यापुढे ठेवला. "हा तुमचाच ना?"

"माझाच आहे," सायाळ म्हणाली. "पाण्यावर जायची माझी वाट तिथूनच आहे. काटे गळतात."

"आणि मुळं तुम्ही खाता," ससा म्हणाला.

"खाते. पण मी खाल्लेलं झाड उभं राहत नाही रे बाबा. मी ते उखडून टाकते. तुझी रोपं जागच्या जागी सुकतायत. त्यातलं एखादं उपटून बघ, मुळाशी काय आहे ते."

"एवढी गेली ती कमी झाली का? आता उरलेली मीच उपटू?" सशाचा आवाज चढला. "माझ्या घरात पिल्लं येणार आहेत, मावशी. त्यांनी काय खायचं?"

सशिणीला काहीतरी बोलायचे होते, पण सगळेजण एकदम बोलू लागले आणि तिचे कुणी ऐकले नाही. आज सशाची बाग गेली, उद्या आपली जाईल, अशी भीती प्रत्येकाच्या मनात बसली होती. मुंगसाने पंजा वर केला. "मावशी, सूर्य मावळायच्या आत तुम्ही ओढ्यापलीकडे जावं, हे बरं."

ओढ्यापलीकडे माळ होता आणि माळावर एक लांडगा फिरत असे. हे सगळ्यांना ठाऊक होते, पण कुणी त्याचे नाव काढले नाही.

सायाळीने वाद घातला नाही. जाताना ती सशिणीजवळ थांबली. "माझ्या रताळ्यांना आज पाणी दिलंय," ती म्हणाली. "परवा परत लागेल. जमलं तर दे." मग ती अधू पाय ओढत ओढा ओलांडून गेली.

पुढचे दोन दिवस एकही रोप वाळले नाही. खार म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मुंगसाने मान डोलावली. ससा त्या दोन रात्री शांत झोपला. सशिणीने मात्र कुणाला न सांगता रताळ्यांना पाणी घातले.

तिसऱ्या सकाळी काकडीचा सर्वांत मोठा वेल जमिनीवर लोळलेला होता. त्याला पहिले पिवळे फूल आले होते. ससा त्याच्याजवळ बसला. ओढ्यापलीकडे गेलेली सायाळ हे करू शकत नव्हती. त्याने वेल हळूच ओढला, आणि तो काहीच जोर न लावता हातात आला. खाली मूळच नव्हते. कुणीतरी ते कुरतडून साफ केले होते. त्याने माती उकरली. तिथे अंगठ्याएवढी जाड, पांढरी, वाकडी झालेली अळी पडली होती. डोके तपकिरी, अंग लिबलिबीत. ती हुमणी होती. हुमणी मातीत राहून मुळे खाते. सशाने आणखी उकरले. एका आळ्यात सात निघाल्या. तो धावत कोपऱ्यात उरलेल्या खताच्या ढिगाकडे गेला आणि त्यात पंजा घातला. तो सबंध ढीग आतून वळवळत होता.

"काय झालं?" फांदीवरून खारीने विचारले. "वेल गेला? म्हणजे ती लपूनछपून परत येते तर."

ससा काही बोलला नाही. खारीने त्याच्या गप्प राहण्याचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला आणि ती मुंगसाकडे पळाली. घटकाभरात सगळे जमले. कुणी दगड आणले होते, कुणी बाभळीच्या फांद्या ओढत आणल्या होत्या.

मुंगूस म्हणाला, "बीळच बुजवून टाकू. म्हणजे परत यायला जागाच राहणार नाही."

ते सायाळीच्या दाराशी गेले. पहिला दगड आत पडला. ससा मागे उभा होता आणि मुठीत ती अळी गच्च धरलेली होती. खरे सांगितले तर काय होईल, याचा तो विचार करत होता. सायाळीला ज्या काठावरून घालवले, तिथून उद्या आपल्यालाही जायला सांगतील. पिल्ले तर आज-उद्यावर आलेली. गप्प राहिलो तर कुणाला कधीच कळणार नाही. दुसरा दगड पडला. त्याने बाजूला पाहिले. सशीण त्याच्या मुठीकडे पाहत होती. तिने ढीगही पाहिला होता.

"तू सांगतोस, की मी सांगू?" ती हळू आवाजात म्हणाली.

तिसरा दगड उचललेल्या मुंगसापुढे ससा जाऊन उभा राहिला आणि त्याने मूठ उघडली.

"थांबा, काका. चोर हा आहे. हुमणी. हिने मुळं खाल्ली. आणि ही मी आणली, माझ्या खतातून. मावशींनी काही केलं नाही. त्यांनी रोप उपटून बघ म्हटलं होतं, मी बघितलं नाही."

मुंगसाने दगड खाली ठेवला.

"पण काटा सापडला होता," खार पुटपुटली.

"काटा वाटेवर पडला होता," ससा म्हणाला. "मी त्यांना आणायला जातोय. कोण येतं?"

मुंगसाने माळाकडे पाहिले, मग जमिनीकडे. "ऊन कलू दे. उद्या विचार करू," तो म्हणाला. बाकीचेही जागचे हलले नाहीत. ससा एकटाच ओढ्यात उतरला.

माळावर गवत गुडघ्याएवढेही नव्हते. लपायला जागा नव्हती. ससा थांबत, कान टवकारत, दगडाआडून दगडाआड जात होता. टेकाडावर चढून त्याने खाली पाहिले आणि तो जागीच बसला. दोन खडकांच्या फटीत सायाळ डोके आत घालून, काटे बाहेर ताठ करून बसली होती. तिच्यापासून वीसेक पावलांवर लांडगा पुढचे पाय पसरून निवांत पडला होता. त्याला काट्यांच्या वाटेला जायचे नव्हते. त्याला फक्त वाट पाहायची होती. सायाळीला आज ना उद्या तहान लागणार होती. आताच तिचे काटे मधूनमधून खाली येत आणि ती ते पुन्हा कसेबसे उभे करी.

सशाला माघारी फिरणे अजून सोपे होते. त्याला कुणी पाहिले नव्हते. तो टेकाड उतरला आणि लांडग्याच्या नाकासमोरून आडवा पळाला.

लांडगा उठला. ससा डावीकडे वळला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मागून येणारा श्वास त्याला ऐकू येत होता. एकदा दात कानाला लागले आणि कान फाटला. करवंदीची एक दाट जाळी समोर दिसताच त्याने आत उडी घेतली. लांडगा बाहेर घुटमळला. काटे त्याच्या नाकाला टोचत होते. थोड्या वेळाने त्याने कंटाळून खडकांकडे तोंड फिरवले.

सशाने फांद्यांतून पाहिले. सायाळ फटीतून बाहेर पडली होती, पण अधू पायाने ती फार दूर गेली नव्हती. ओढा अजून बराच लांब होता. लांडगा त्या दिशेने चालू लागला. सशाच्या कानातून रक्त गळत होते आणि छातीत श्वास मावत नव्हता. तो जाळीतून बाहेर आला आणि मुद्दाम वाळक्या पानांवर उड्या मारू लागला. लांडगा गर्रकन वळला.

ही दुसरी धाव किती वेळ चालली, ते सशाला नंतर कधीच आठवले नाही. शेवटी पायांखाली ओढ्याचे पाणी आले, पलीकडचा चिखल आला आणि सशिणीचा आवाज आला. लांडगा पलीकडच्या काठावर थांबला. इकडे मुंगूस आणि बाकीचे सगळे दगड घेऊन ओळीने उभे होते. लांडग्याने त्यांच्याकडे पाहिले आणि तो निघून गेला.

सायाळ आधीच पोहोचली होती. ती ओढ्याच्या कडेला तोंड लावून पाणी पीत होती, आणि ती बराच वेळ पितच राहिली. ससा तिच्याजवळ गेला. "मावशी, माझी चूक झाली. रोपं माझ्याच खतामुळे गेली. मी तुमच्यावर आळ घेतला."

"आमचंही चुकलं," मुंगूस म्हणाला.

सायाळीने त्या दोघांकडे पाहिले. आपल्या बिळात पडलेले दोन दगड तिने बाहेर ढकलले आणि ती आत गेली.

पुढचे तीन दिवस ससा वाफे उकरून अळ्या वेचत होता. निम्मी बाग गेलीच होती. दुसऱ्या दिवशी सशिणीला चार पिल्ले झाली, तेव्हा तर त्याला बसायलाही फुरसत राहिली नाही. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सायाळ कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तिने सशाचे काम थोडा वेळ पाहिले.

"वरवर उकरून काय होणार?" ती म्हणाली. "वीतभर खाली जातात त्या."

ससा उठून उभा राहिला. "मावशी, तुम्ही मला माफ केलंत का?"

"ते अजून ठरलं नाही," सायाळ म्हणाली. "पण पिल्लांना खायला लागेल."

ती वाफ्यात उतरली आणि आपल्या दणकट नखांनी खोल माती उकरू लागली.

तात्पर्य : नुकसान झाले की दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हातून काय झाले ते पाहावे, आणि ज्याच्यावर खोटा आळ घेतला, त्याला परत आणायला स्वतःच्या पायांनी जावे.