दुर्गव्वाचं खिंडार

तिथं नका बसू, ताई, ते दगड हलतात. इकडं सावलीत या. हां, हेच ते खिंडार. सगळ्या सालेमवाडीला पुरुषभर उंच दगडी भिंत आहे, तिकडं फाटक आहे, आणि इथं विहिरीपाशी बैल जाईल एवढी जागा मोकळी. कडेचे दगड पडले तर आम्ही उचलून बाजूला ठेवतो, पण खिंडार बुजवत नाही. मी शलमोन, इथल्या मंडळीचा जुना वडील. वडील म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतला पंच. गोष्ट सांगतो, पण ती गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. इतक्यांदा सांगितली, तरी दरवेळी मला किळस येते.

आमचे पूर्वज पलीकडच्या गावाच्या वेशीबाहेर राहणारे. गावच्या विहिरीवर चढायची त्यांना बंदी. खाली उकिडवं बसायचं, ओंजळ पुढं करायची, आणि कुणाला दया आलीच तर तो वरून धार सोडणार. भांड्याला ओठ लागता कामा नये. असं पिढ्यानपिढ्या चाललं. मग मिशनचे लोक आले, आमच्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि या माळावर वस्ती केली. आमच्यातलाच शमुवेल वडील त्यांचा म्होरक्या. माणूस पोलादी. त्यानं दारू बंद केली, बायकोवर हात उगारणाऱ्याला मंडळीबाहेर काढलं, पोरीबाळींना वाचायला शिकवलं. खोटं कशाला बोलू? आज आम्ही ताठ मानेनं उभे आहोत ते त्याच्या शिस्तीमुळं. जत्रा नाही, तमाशा नाही, कुठला प्रसाद तोंडात घालायचा नाही. जगापासून वेगळं राहायचं, हा त्याचा एकच धोशा.

वेगळं राहायचं तर भिंत पाहिजे, आणि आपली विहीर पाहिजे. त्यासाठी वडार बोलावले. दगड फोडावा तर त्यांनीच. त्यांच्यात दुर्गव्वा म्हणून एक बाई होती, नवऱ्याच्या बरोबरीनं घण चालवायची. भिंत त्यांनी बांधली, विहीर त्यांनी खोदली, या काळ्या फत्तरात हाताची सालटी गेली. पाणी लागलं त्या दिवशी दुर्गव्वानं त्यांच्या रीतीनं काठावर पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे आसपासच्या पोरांच्या हातावर ठेवले. पाणी लागल्याचा आनंद, दुसरं काय?

शमुवेल वडील धावत आला. लाथेनं खडे उडवले. आणि पोरांना रांगेत उभं करून एकेकाच्या घशात बोट घालून खोबरं ओकायला लावलं म्हणे. शी! पोरं रडतायत, ओकतायत, आणि हा वर प्रार्थना म्हणतोय. मग काठ राखेनं घासून धुतला आणि नेम केला, की मूर्तिपूजकाचा हात या पाण्याला लागायचा नाही. वडारांचे तंबू भिंतीबाहेर होते, चर्चचे दगड घडवायचं काम अजून चालू होतं. त्यांना पाणी कसं द्यायचं? तर त्यांनी भिंतीखाली बसून ओंजळ धरायची, आणि आमच्या बायकांनी वरून धार सोडायची.

ऐकलंत ना? वरून! ज्यांच्या बापजाद्यांचं आयुष्य ओंजळ धरण्यात गेलं, त्यांनी पाणी हाती येताच पहिलं काम हे केलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काय उगाच? थू!

शमुवेलची बायको रिबकाबाई. त्यांची एकुलती पोर हन्ना, चारेक वर्षांची. उन्हाळा तोंडावर आलेला. रविवारी उपासना सुरू झाली की फाटकाला अडसर पडायचा, तो दिवस मावळल्यावरच निघायचा. अशा एका रविवारी, प्रवचन लांबलं तेव्हा हन्ना हळूच बाहेर सटकली आणि विहिरीत पडली. रिबकाबाईच्या किंकाळीनं सगळे काठावर जमा झाले. आणि मग कळलं, की पोहता एकालाही येत नाही. कसं येणार? पाण्यात उतरू दिलं होतं कुणी त्यांना? विहीर आपली झाली, पण अंगाला पाणी ठाऊक नव्हतं. दोर सोडला, पण चार वर्षांची पोर दोर काय धरणार! ती खालीवर होऊ लागली.

बाहेरून दुर्गव्वा ओरडली, "दार उघडा! मी उतरते!"

दोघं-तिघं अडसराकडं धावले. शमुवेल त्यांच्या आडवा झाला. म्हणाला, "थांबा. पाणी बाटेल. प्रार्थना करा."

बाटेल! हा शब्द, याच्या तोंडी! स्वतःची पोर गटांगळ्या खातेय आणि याला पाण्याची काळजी. तेव्हा रिबकाबाई भिंतीकडं तोंड करून ओरडली, "दुर्गव्वा, दाराची वाट बघू नको गं!"

आणि भिंतीवर घण बसला. भिंत तिनंच रचलेली, कुठला दगड काढला की बाकीचे सुटतात ते तिला कुणी सांगायला नको. बघता बघता खिंडार पडलं, त्यातून ती आली, तशीच विहिरीत उडी घेतली आणि हन्नाला केसाला धरून वर काढलं. पालथी घालून पाठीवर थापा मारल्या. पोर पाणी ओकली आणि रडली. ती हन्ना माझी आजी. ती रडली म्हणून मी आज तुमच्यापुढं बसलोय.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला हसत हसत सांगितली असती. पण शमुवेलनं दुर्गव्वाला काय दिलं? धन्यवाद? छे! वडारांना त्याच दिवशी माळावरून हाकललं, आणि दुसऱ्या दिवशी मोट लावून विहीर उपसायला काढली. भर उन्हाळ्यात! बाटलेलं पाणी म्हणे सगळं ओतून टाकायचं. उपसता उपसता तळ लागला, आणि तळाच्या गाळात काय सापडलं? दुर्गव्वाचे ते पाच खडे. याच्याच लाथेनं आत पडलेले. म्हणजे इतके दिवस तेच पाणी पिऊन यांच्या प्रार्थना चालल्या होत्या! खडे बाहेर फेकले आणि नव्या पाण्याची वाट बघत बसले.

पाणी आलं नाही. झरा जणू आटलाच. भांड्यांतलं होतं तेही संपलं. गाव तर पाणी देणार नाहीच, आणि हाकललेल्या वडारांनी नदीच्या वाळूत झिरा, म्हणजे पाण्याचा खड्डा, खणला होता तिकडं जायचं नाही, असा शमुवेलचा हुकूम. ही परीक्षा आहे म्हणायचा. हन्नाची जीभ टाळूला चिकटली, ती डोळे उघडेना. तेव्हा रिबकाबाईनं तिला खांद्यावर टाकलं. सगळ्या मंडळीदेखत नवऱ्याला म्हणाली, "तुमचा स्वर्ग तुम्हाला लखलाभ. मी पोरीला पाणी पाजायला चालले." आणि या खिंडारातून बाहेर पडली. तिच्या मागं बाकीच्या बायका, मग पुरुष. शमुवेल एकटा आत उरला.

संध्याकाळी तोही नदीवर गेला. दुर्गव्वा झिऱ्याशी बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि ओंजळ पुढं केली. कुणी सांगितलं नव्हतं हो. जन्माची सवय, हात आपोआप पुढं आले. दुर्गव्वानं त्या ओंजळीकडं बघितलं, आणि आपला लोटा त्याच्या हातात दिला.

"वाकतोस कशाला, मालक? तोंड लावून पी की."

असं सांगतात, की लोटा ओठाशी नेऊन तो कितीतरी वेळ तसाच बसला. मग प्याला, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. दुसऱ्या दिवशी विहिरीला पाणी आलं. शिकलेली पोरं म्हणतात, गाळ निघाल्यावर झरा मोकळा झाला असेल. असेल बाबा. मी वाद घालत नाही.

शमुवेलनं बाकीचा नेम सोडला नाही. आजही आम्ही जत्रेला जात नाही, प्रसाद खात नाही. दुर्गव्वाच्या वंशातली माणसं नदीपलीकडं राहतात, त्यांना ते ठाऊक आहे. आमच्यासाठी ती देवाला न वाहिलेला नारळ वेगळा ठेवतात, आणि आम्ही तो गोडीनं खातो. पण ईस्टरच्या प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीआधी, रसाचा पेला उचलायच्या आत, आमच्या वडिलानं या खिंडारात यायचं, आणि त्यांच्यातल्या बाईच्या हातून, तिच्या लोट्याला ओठ लावून पाणी प्यायचं. त्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी एक नवे वडील खिशातून सीलबंद बाटली काढून म्हणाले, "काका, आरोग्याचा प्रश्न आहे." म्हटलं, त्या आजाराचं नाव मला माहीत आहे. त्या वर्षी पेला दुसऱ्यानं उचलला.

चला, ऊन फार झालं, बोलून माझाही घसा सुकला. हा लोटा घ्या, विहिरीचंच पाणी आहे. तुम्ही कोण, कुठल्या, मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. मी आत्ताच प्यालोय यातून. घ्या.

अहो ताई, हे काय? वरून नाही. तोंड लावून.