कुंभाराच्या अंगणातला शर्यतीचा घोडा

राजाच्या घोड्यांची नावं लोकांना सोयऱ्याधायऱ्यांच्या नावांसारखी तोंडपाठ असायची, त्या जुन्या काळातली ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथे सटवाजी नावाचा कुंभार आणि त्याची बायको भागू राहत. एकुलती एक मुलगी सावू लग्न होऊन दोन गावं पलीकडे नांदत होती. घरात दोन गाढवं होती. नदी खाली पायथ्याशी. तिथून माती आणि पाणी गाढवांवर लादून वर आणायचं, मडकी घडवायची, भाजायची, बाजारी न्यायची. फार काही उरत नव्हतं, पण कमीही पडत नव्हतं.

सटवाजीच्या मनात मात्र एक घोडा होता.

दहा वर्षांपूर्वी रांजण पोचवायला तो राजधानीत गेला होता. त्या दिवशी दसऱ्याची शर्यत होती. शिकरा नावाचा एक काळाभोर घोडा बाकी सगळ्यांना मागे टाकून त्याच्या समोरून असा गेला, की आपलं पागोटं गर्दीत पडलं हे सटवाजीला घरी पोचल्यावर कळलं. तेव्हापासून चाकावर बसला, की त्याचं मन त्या घोड्यामागे धावायचं.

मग एका वर्षी बातमी आली, की राजाच्या अश्वशाळेतले जुने घोडे विकायला काढले आहेत. घरात अडीअडचणीसाठी ठेवलेली पुंजी होती. ती कमरेला बांधून सटवाजी पहाटेच निघाला. भागूला म्हणाला, "बाजारात काम आहे."

शिकरा तिथेच होता. तोंडाजवळचे केस पांढरे झाले होते, पण मान तशीच ताठ होती. सटवाजीने भीत भीत किंमत विचारली. अश्वशाळेच्या कारभाऱ्याने सांगितली, आणि सटवाजीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. साध्या तट्टाचा भाव!

"एवढ्यातच?"

कारभारी खरा माणूस होता. तो म्हणाला, "एवढ्यातच. पण हा भाव घोडा इथून नेण्याचा आहे, सांभाळण्याचा नाही. इथे याच्या दिमतीला चार माणसं होती. याला नुसता चारा चालत नाही, भिजवलेले हरभरे लागतात. नाल महिन्याला बदलावे लागतात आणि ते बसवणारा नालबंद इथून बोलवावा लागेल. पुढच्या उजव्या पायाची शीर एकदा दुखावलेली आहे. राजालाही हा जिंकत होता तोवरच परवडला. नेतोस?"

सटवाजीने शब्दन् शब्द ऐकला. पण त्याची नजर घोड्याच्या मानेवरून हलली नव्हती.

"नेतो," तो म्हणाला.

दारात घोडा पाहून भागू हातातलं पीठ झाडत बाहेर आली.

"हे काय आणलंत?"

"शिकरा! अगं, राजाचा शिकरा! तट्टाच्या भावात मिळाला."

"मग तट्टूच का नाही आणलंत? ओझं तरी वाहिलं असतं."

सटवाजी हसला. भागूही थोडी हसली. नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला तिने लग्नानंतर पाहिला नव्हता. ती आत गेली आणि घोड्यापुढे ठेवायला पाण्याची घागर घेऊन आली. घोड्याने ती एका दमात संपवली आणि आणखी मागितलं.

खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस सुखाचे होते. गावामागच्या माळावर सटवाजी एकदा शिकऱ्यावर बसला. घोड्याला काय आठवलं कोण जाणे, तो सुटला. वारा सटवाजीच्या तोंडात शिरला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि चाळिशी उलटलेला तो माणूस पोरासारखा ओरडला. गाव बघत होतं. "कुंभाराने नशीब काढलं," असं लोक म्हणू लागले. ते ऐकायला सटवाजी रोज घोडा घेऊन चावडीवरून जाऊ लागला.

पण गावाची वाट खडकाळ होती, आणि शिकऱ्याचे पाय मऊ मातीत वाढलेले होते. महिना व्हायच्या आत दोन नाल निघाले. राजधानीहून नालबंद आला. त्या म्हाताऱ्या माणसाने खूर हातात धरून पाहिला आणि म्हणाला, "चारही बदलावे लागतील." बदलले. मग जुनं खोगीर फाटलं. मग भिजल्याने घोड्याला खोकला झाला, कारण तो गाढवांच्या उघड्या छपरीत उभा होता. म्हणून त्याच्यासाठी भिंतींची छपरी बांधली. एक गोष्ट निस्तरावी तोच दुसरी उभी राहायची, आणि प्रत्येक वेळी सटवाजी म्हणायचा, "एवढं झालं, की मग काही लागणार नाही."

पुंजी केव्हाच संपली होती. पावसाळा सरताना एक गाढव विकलं. थंडीत दुसरं विकलं.

"आता माती कशावर आणायची?" भागूने विचारलं.

"थोडे दिवस डोक्यावरून आणू. येत्या दसऱ्याला शिकऱ्याला गावोगावच्या शर्यतीत उतरवतो. एक जरी जिंकला ना, तर चार गाढवं घेऊ."

दुसऱ्या दिवसापासून माती तिच्या डोक्यावरून येऊ लागली आणि पाणी तिच्या कमरेवरून. सटवाजी चाकावरून उठत नव्हता. हरभरे आणि नाल मडक्यांतूनच निघायचे होते, म्हणून तो पहिल्यापेक्षा दुप्पट काम करत होता. त्याला वाटायचं, घोड्यासाठी आपणच झिजतो आहोत.

शिमग्याच्या सुमारास शिकऱ्याचा पुढचा उजवा पाय सुजला. नालबंद पुन्हा आला. या वेळी त्याने हत्यारं पिशवीतून काढलीच नाहीत.

"सटवाजी," तो म्हणाला, "याला आता शर्यत नाही. राजाच्या कुरणात म्हाताऱ्या घोड्यांना सोडतात. मी शब्द टाकतो. पैसा मिळणार नाही, पण घोडा सुखात मरेल आणि तूही सुटशील."

"फुकट देऊ?" सटवाजीचा आवाज चढला. "माझी दोन गाढवं गेली याच्यात. घरातलं होतं नव्हतं ते गेलं. आता सोडला तर सगळंच पाण्यात गेलं की! पाय बरा होण्याचा काही उपाय असेल तर सांगा."

नालबंदाने सुजलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाला, "थंड पाण्याची धार. दिवसातून तीन वेळा, सूज उतरेपर्यंत. पण पाणी फार लागेल."

"लागू दे," सटवाजी म्हणाला.

नालबंदाने दारात उभ्या असलेल्या भागूकडे पाहिलं आणि पिशवी उचलून तो निघून गेला.

उन्हाळा चढत होता. नदी आटून पात्राच्या मध्यावर गेली होती. भागू पहाटे उतरायची, वर यायची, घागर घोड्याच्या पायावर रिकामी करायची आणि पुन्हा उतरायची. ती कुरकुरत नव्हती. मुकं जनावर दुखण्याने पाय उचलून धरतं, हे तिलाही बघवत नव्हतं. धार सोडताना ती त्याच्या मानेवरून हात फिरवायची आणि घोडा तिच्या खांद्याला तोंड घासायचा.

एका दुपारी ती छपरीच्या भिंतीला टेकून बसली.

"अहो, दोन दिवस झाले, चढावर डोळ्यांपुढे अंधार येतोय. आजची दुपारची धार राहू द्या."

सटवाजी चाकावर होता. एक मोठा माठ अर्धा वर आला होता. मान वर न करता तो म्हणाला, "सूज उतरायला लागलीये गं. आता खंड पडला तर पहिल्यापासून सगळं. एवढा आठवडाभर पाणी आण. मग तू नुसती बसून राहा."

भागू उठली. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घागर उचलली.

संध्याकाळ झाली तरी ती आली नाही. गुराखी ओरडत आले तेव्हा सटवाजीने चाक सोडलं. ती चढाच्या अर्ध्यावर, दगडांत पडली होती. घागर फुटली होती. चौघांनी तिला घोंगडीत घालून वर आणलं. तिच्या कमरेखालच्या अंगात जीव नव्हता.

निरोप गेला तशी सावू धावत आली. तिने आईचं सगळं हाती घेतलं. वैद्य येऊन गेला. माशी वारावी तसा हात हलवून तो म्हणाला, "पाठीचं हाड आहे. माझ्या हातात काही नाही."

आता पाणी आणायला सटवाजीच उतरला. घोड्याचं, घरचं, आजारी माणसाचं. पहिल्या खेपेला त्याला धाप लागली. चौथ्या खेपेला तो वाटेतच बसला. मग त्याने बसल्या बसल्या मनाशी मोजलं. धारेच्या तीन वेळा, प्रत्येक वेळी चार घागरी, घोड्याला प्यायला तीन, घरात दोन, मातीला तीन. वीस खेपा. भागू रोज वीस वेळा हा चढ चढत होती, आणि त्याने ते एकदाही मोजलं नव्हतं. नाल मोजले होते, हरभरे मोजले होते.

घरी आला तेव्हा सावू दारातच उभी होती.

"आबा, आईला आधी चक्कर येत होती, असं ती म्हणते. तुम्हाला माहीत होतं?"

सटवाजीने घागर खाली ठेवली. खोटं बोलणं सोपं होतं. ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

सावू तशीच आत वळली. आईच्या उशाशी जाऊन बसली. बापाला ती ताट वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही.

भागू दोन महिने अंथरुणावर होती. शेवटच्या दिवसांत तिला फारसं बोलवत नव्हतं. एका सकाळी तिने सटवाजीला खुणेने जवळ बोलावलं. त्याला वाटलं, आता ती बोल लावेल. लावावा, असंच त्याला वाटत होतं.

"पाय कसा आहे त्याचा?" तिने विचारलं.

सटवाजीने तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. त्याच दिवशी उन्हं कलताना ती गेली.

तेरावा झाल्यावर सावू सासरी परतली, ती पुन्हा त्या घरी आली नाही. नालबंद भेटायला आला, आणि त्याने न मागताच सटवाजीने शिकऱ्याचा दोर त्याच्या हातात दिला. राजाच्या कुरणात तो घोडा आणखी सहा वर्षं जगला. त्याचा पाय पुरता बरा झाला होता.

सटवाजीही जगला. मडकी घडवत राहिला. वाटेने जाणारे कोणी कधी थांबून विचारायचे, "राजाचा शिकरा तुमच्याकडे होता म्हणे? केवढ्याला पडला होता हो?"

सटवाजीचं चाक हळूहळू थांबायचं. विचारणारा थोडा वेळ उभा राहायचा आणि आपल्या वाटेने निघून जायचा.

तात्पर्य: हौस करणारा फक्त विकत घेण्याची किंमत देतो, ती सांभाळण्याची किंमत पुष्कळदा घरातलं असं माणूस देतं, ज्याने ती हौस कधी मागितलीच नव्हती.