जड झालेलं पायडल

यंत्रं आपापसांत बोलत असत, पण माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळची ही गोष्ट.

सगुणा शिंपिणीच्या शेजारी कौसल्येला दिवस भरण्याआधीच बाळ झालं. थंडी कडाक्याची, आणि बाळाला अंगडंही तयार नव्हतं. सगुणा लगोलग शिवायला बसली, तर जुन्या मशीनचं पायडल जड झालेलं! दाबून दाबून तिच्या पोटऱ्या भरून आल्या, तरी टाका पुढे सरकेना.

"पायडल म्हातारं झालंय," वरचं चाक म्हणालं. "काढा त्याला मोडीत!"

आपल्यामुळे बाळ कुडकुडतंय, या विचाराने पायडल खचून गेलं.

सगुणाने आधी वरच्या चाकाला पायडलाशी जोडणारा पट्टा उतरवला आणि पायडल दाबून पाहिलं. ते झोपाळ्यासारखं सहज हललं.

"अगंबाई, हे तर ठणठणीत आहे!"

मग तिने वरचं चाक फिरवलं, तर ते जागचं हलेना. काढून पाहते तो आत दोऱ्यांचा गुंता आवळून बसलेला. तिने तो कात्रीच्या टोकाने सोडवला, तेल घातलं, पट्टा चढवला. मशीन भरभर चालू लागलं.

"अडलं होतं मी, आणि बोल लावला तुला," चाक ओशाळून म्हणालं.

"बाळ उबेत निजू दे, मला सगळं पोचलं," पायडल म्हणालं.

अंगडं झालं. उठताना सगुणा खाली वाकली. तिने पायडलाला हात लावून तो कपाळी टेकवला.

"रोज पाय देते तुझ्यावर," ती म्हणाली, "पण बाळाला ऊब तूच दिलीस."